तिसरी खाच

“बसून तर बघा, मालक,” मगदूम म्हणाला आणि त्याने लाल गाडीचं दार उघडून धरलं.

उभ्या आयुष्यात मला कुणी मालक म्हटलं नव्हतं. मी बसलो, आणि तिथंच फसलो.

सांगली-मिरज रस्त्यावर मगदूमचं जुन्या गाड्यांचं आवार होतं. लाल गाडी पंधरा वर्षांची होती. दोनच दारं, लांबलचक नाक, आणि इतकी ठेंगणी की आत शिरताना माणसाला अंग दुमडून घ्यावं लागे. साखर कारखान्याच्या कुठल्याशा चेअरमनच्या चिरंजीवांनी ती हौसेने मुंबईहून आणली होती आणि हौस फिटल्यावर मगदूमच्या गळ्यात मारली होती. मी चावी फिरवली. इंजिन असं काही गुरगुरलं की माझ्या पोटात गुदगुल्या झाल्या.

तिच्या शेजारी एक पांढरी व्हॅन उभी होती. चार वर्षांची, सरकत्या दाराची, उंच टपाची. दिसायला थेट पावाची लादी. खरं तर आम्ही तिच्यासाठीच आलो होतो.

आम्ही म्हणजे मी आणि माझे वडील, श्रीपती सुतार. सगळी मिरज त्यांना अण्णा म्हणायची. अण्णा तंबोरे बनवायचे. बाबालाल उस्तादांच्या हाताखाली पोरवयात शिकले आणि पुढे चाळीस वर्षं त्याच गल्लीत बसून त्यांनी दुसरं काही केलं नाही. मी त्या वेळी सत्तावीस वर्षांचा होतो, कुपवाडच्या एका कारखान्यात लेथवर काम करत होतो, आणि स्वतःबद्दल माझं मत फारच चांगलं होतं.

गाडी हवी होती ती तंबोऱ्यांसाठी. आदल्या वर्षी भाड्याच्या जीपमधून हुबळीला एक जोड नेताना खड्ड्यात दणका बसला आणि एका तंबोऱ्याचा भोपळा तडकला. अण्णा रस्त्याच्या कडेला तो फुटका भोपळा मांडीवर घेऊन अर्धा तास बसले होते. घरी आल्यावर म्हणाले, “आता आपली सोताची गाडी. यशवंता, तू लायसन काढ.” पैसे सगळे त्यांचेच. मी फक्त लायसन काढलं.

आणि घाईला कारण होतं. धारवाडच्या नरगुंदकर बुवांनी मर्दानी तंबोरा सांगितला होता. बायकांच्या आवाजाचा तो जनानी, पुरुषाच्या आवाजाचा तो मर्दानी. त्याची दांडी लांब, खर्ज खोल. बुवा तेव्हा सत्तरीला आले होते. “हा माझा शेवटचा तंबोरा, सुतार,” असं त्यांनी पत्रात लिहिलं होतं. त्यासाठी अण्णांनी माळ्यावरचा एक भोपळा मनाशी धरून ठेवला होता. मंगळवेढ्याकडचा, अठरा वर्षं वाळत टांगलेला. कितीतरी गिऱ्हाइकांनी मागितला, अण्णांनी कुणाला दिला नव्हता.

“उतर खाली,” अण्णा म्हणाले. “माप घे. आधी पांढरीत.”

माप म्हणजे उस्तादांनी दिलेली बांबूची काठी. तिच्यावर दोन खाचा होत्या, खालची जनानी तंबोऱ्याची, आणि टोकाशी दुसरी, मर्दानीची. अण्णा टेपला हात लावत नसत. काठी कायम बरोबर. त्या वर्षी मात्र त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता, म्हणून मापं मी घ्यायचो आणि ते विचारायचे.

मी पांढऱ्या गाडीत काठी आडवी घातली. हातभर जागा उरली.

“बसतंय?”

“बसतंय.”

“मग झालं की.”

“अण्णा, लाल पण बघूया की. आलोच आहोत तर.”

“तिच्यात माणसं तरी बसत्यात का रं?”

मगदूम लगेच पुढे सरसावला. “दोन माणसं आणि एक तंबोरा, अण्णा. तुम्हाला काय वऱ्हाड न्यायचंय? आणि धारवाडच्या रस्त्याला ही उडती बघा. पोरगा तरणा आहे, त्याच्या मनाचं बी बघा की जरा.”

अण्णा पांढऱ्या गाडीपाशीच थांबले आणि तिच्या पत्र्यावर बोटाच्या पेराने टकटक करत राहिले. भोपळा निवडताना ते असंच करायचे. मी काठी घेऊन लाल गाडीत शिरलो.

भोपळा मागच्या बाकावर ठेवायचा आणि दांडी दोन सीटांच्या मधून पुढे आणायची, असा माझा हिशेब होता. काठीचं टोक पुढच्या काचेला टेकलं, तरी खालचं टोक बाकाच्या कोपऱ्यात जाईना. तिरकी केली, सीट मागे घेतली, पुन्हा पुढे घेतली. शेवटी बोटं लावून पाहिली. चार बोटं. बरोब्बर चार बोटं कमी पडत होती.

मी मान वर केली. समोर ते लाल नाक लांबवर पसरलेलं, स्टिअरिंगवर माझा एक हात. मी गुडघा काठीवर ठेवला आणि दाबला. बांबू कमानीसारखा वाकला, कर्र असा वाजला आणि आत बसला. आवाज झाकायला मी खोकलो.

“बसतंय?” अण्णांनी तिकडून विचारलं.

“बसतंय.”

टकटक थांबली. अण्णा पाठमोरेच होते. जरा वेळाने म्हणाले, “नक्की?”

“अगदी मापात, अण्णा.”

“बरं,” ते म्हणाले. “मग तुझ्या मनाला येईल ती घे. चालवणारा तू.”

मगदूमने माझ्या पाठीवर थाप मारली. मला वाटलं, जिंकलो.

घरी आईने गाडीला हळदकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि मग चारी बाजूंनी फिरून विचारलं, “आणि मी कुठं बसू हिच्यात?” मी हसण्यावारी नेलं. त्या महिन्यात मी काय काय उंडारलो ते सांगत बसत नाही. कामावरून सुटलो की हरिपूर, नाहीतर तासगाव. दोस्त दोन-दोन किलोमीटर चालत यायचे, नुसतं शेजारी बसायला. लग्नाच्या बोलणीला गेलो तेव्हा मुलीकडची अख्खी गल्ली बाहेर आली होती. कबूल करतो, मला मजा आली.

पण संध्याकाळी घरात शिरायचो ते अण्णांच्या कारखान्यातूनच. आमचा कारखाना म्हणजे पुढची खोली. तिथे आता माळ्यावरचा भोपळा खाली उतरला होता. अण्णांनी तो दोन दिवस नुसता मांडीवर फिरवला, मग कापला. तूनचं लाकूड कोपऱ्यात उभं केलेलं होतं, दांडीसाठी. रोज ते लाकूड मला दिसायचं आणि रोज मी नवी युक्ती काढायचो. गाडीची पुढची सीटच काढून टाकू का? मागचं बाक? काच खाली करून दांडी बाहेर काढली तर? एवढ्या वर्षांचा भोपळा आणि खिडकीतून लोंबणारी दांडी! दिवसा लेथवर उभा राहून मी वाक्यं जुळवायचो. ‘अण्णा, माझी मापात चूक झाली.’ चूक झाली, असं. खोटं बोललो, असं नाही. तेवढी हिंमत वाक्यं जुळवतानासुद्धा होत नव्हती.

एका संध्याकाळी मात्र मी ठरवूनच आत गेलो. अण्णा दांडीचं लाकूड पुढ्यात घेऊन बसले होते, हातात करवत.

“अण्णा, गाडीचं जरा बोलायचं होतं.”

अण्णांनी करवत खाली ठेवली. “बोल.”

त्यांचे डोळे दुधाळ झाले होते, तरी ते सरळ माझ्याकडे बघत होते. मी त्या लाकडाकडे बघितलं. दारातून लाल गाडीचं टोक दिसत होतं.

“पेट्रोल फार खाते,” मी म्हणालो.

अण्णा थांबले. मला अजून आठवतं, चांगले थांबले. “एवढंच?”

“एवढंच.”

“बरं.”

मी चप्पल घालून बाहेर पडलो. मागे करवतीचा आवाज सुरू झाला.

तंबोरा तयार झाला तेव्हा दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. नेण्याच्या दिवशी सकाळी डोक्यात एकच होतं. आता सगळ्या गल्लीदेखत तंबोरा गाडीत जाणार नाही आणि अण्णा माझ्याकडे बघतील. शेजारचे दोन कारागीर बघायला आले होते, आई वाटेवरची दशमी बांधून उभी होती. मी तंबोरा गोधडीत गुंडाळून आणला. अण्णा म्हणाले, “सावकाश.” मी भोपळा मागच्या बाकावर टेकवला, दांडी दोन सीटांच्या मधे घेतली आणि डोळे मिटून घेतले.

तंबोरा बसला. वर बोटभर जागा उरली.

मी मोठ्याने हसलो. आई म्हणाली, “काय रे, काय झालं?” काय सांगणार? मला वाटलं, त्या दिवशी मीच घाबरून वेडंवाकडं मोजलं असणार. एवढे महिने उगाच जीव जाळला. धारवाडपर्यंत मी शीळ घालत गाडी चालवली. अण्णा शेजारी दुमडून बसले होते, गुडघे छातीशी, एक हात मागे नेऊन भोपळ्यावर. पाच तास तो हात त्यांनी काढला नाही.

नरगुंदकर बुवांचं घर साधं होतं. बुवांनी स्वतः तंबोरा उचलून घेतला, भोपळ्यावरून हात फिरवला. “हा तोच का, माळ्यावरचा?”

“तोच,” अण्णा म्हणाले.

बुवांनी तारा मिळवल्या. पंचम लागला, जोडी लागली. खर्जाला आले आणि तिथे अडखळले. खुंटी पिळली, सैल केली, तारेतला मणी सरकवला, पुन्हा छेडली. कान दांडीला लावून बराच वेळ बसले. मग षड्ज लावला. मला गाण्यातलं फार कळत नाही, पण लहानपणापासून तंबोऱ्यांत झोपलोय. बुवांचा आवाज खाली गेला आणि तार त्याच्यामागे गेली नाही. लोळल्यासारखी वाजत राहिली.

“सुतार,” बुवा म्हणाले, “आवाज फार गोड आहे. पण हा खर्ज...” त्यांनी दांडीवर खालपासून वरपर्यंत वीत टाकून पाहिली. “दांडी थोडी आखूड का हो?”

“लाकूड तेवढंच निघालं, बुवा,” अण्णा खाली बघत म्हणाले.

मी चमकलो. गाठ आली, चीर गेली, पाणी लागलं, तरी अण्णांनी आजवर कधी लाकडावर ढकललं नव्हतं.

“असू दे, असू दे,” बुवा घाईने म्हणाले. “तुमच्या हातचा आहे, तेच खूप आहे.” आणि त्यांनी चहा मागवला.

परतताना बेळगाव मागे पडलं. मग अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले, “पळती मात्र बरी तुझी गाडी.”

पुढच्या थंडीत सांगलीला बुवांचं गाणं झालं. अण्णा मुद्दाम धुतलेलं धोतर नेसून गेले, दुसऱ्या रांगेत बसले. पडदा वर गेला. बुवांच्या मागे त्यांचा जुना तंबोरा होता, दोनदा सांधलेला, भोपळ्यावर ठिगळ असलेला. आमचा नव्हता. अण्णा शेवटपर्यंत बसले. घरी आल्यावर आईने विचारलं तर म्हणाले, “बुवा झकास गायले.” जेवले मात्र नाहीत.

त्यानंतर मर्दानी तंबोरे तसेच निघत गेले. गोड, देखणे आणि खर्जात थिटे. गवई लोक बोलू लागले, सुताराचा हात उतरला. कुणीकुणी शेजारच्या दुकानात जाऊ लागले. आणि मी काय केलं? चहाच्या टपरीवर कुणी विचारलं की मान हलवून सांगायचो, “मोतीबिंदू हो. दिसत नाही त्यांना नीट. वय झालं.” हे मी एकदा नाही, पन्नासदा सांगितलं असेल. पोरगा बापाची बाजू सावरतोय, असंच लोकांना वाटायचं. मलाही तसंच वाटायचं.

लाल गाडी चार वर्षं टिकली. मग तिचे सुटे भाग कुठे मिळेनात, तेव्हा एका हौशी डॉक्टरने ती नेली. नंतर माझा कुपवाडचा कारखानाही बंद पडला आणि मी मुकाट्याने पुढच्या खोलीत अण्णांसमोर बैठक मारली. तोवर त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, दिसायला लागलं होतं, पण हाताला कंप सुटला होता. ते सांगायचे आणि मी करायचो. वयाच्या चौतिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा त्यांचं काम शिकलो.

तोवर नरगुंदकर बुवा गेले होते. त्यांच्या एका शिष्याने मर्दानी तंबोरा सांगितला. अण्णा म्हणाले, “काठी घे.” मी खुंटीवरून काठी काढली, उजेडात धरली आणि थांबलो. मगदूमच्या आवारानंतर एवढ्या वर्षांत मी ती हातात घेतलीच नव्हती.

“अण्णा, ह्याच्यावर तीन खाचा आहेत.”

अण्णा तारा टेकायची घोडी घासत बसले होते. मान वर केली नाही. “हायत की.”

“ही मधली कसली?”

मधली खाच टोकाच्या खाचेपासून थोडी खाली होती. मी बोटं लावली. लावायच्या आधीच मला कळलं होतं.

“गाडीची,” अण्णा म्हणाले. “रात्री तू झोपल्यावर गाडीत चाचपून माप घेतलं.”

बाहेर कुणीतरी तारा छेडत होतं. मी खाचेवरून बोट काढलं. “तुम्हाला कधी समजलं?”

“मगदूमच्या आवारातच.” त्यांनी घोडीवरची भुकटी फुंकली. “डोळ्यांनी दिसत नव्हतं, पर कान शाबूत हुते माझे. बांबू वाकला की वाजतो. तू खोकलास, त्याच्या आधी वाजला.”

“मग तिथंच का नाही बोललात?”

“मगदूमसमोर? काय म्हणू, सुताराचा पोरगा खोटं माप सांगतोय?” ते पहिल्यांदा माझ्याकडे बघत म्हणाले. “बापाच्या काठीवर?”

“पण नंतर... अण्णा, भाड्याची गाडी करता आली असती. तंबोरा पुऱ्या मापाचा करायचात. बुवांचा शेवटचा तंबोरा होता तो. मला चार शिव्या दिल्या असत्या तरी...”

“शिव्या देऊन काय कळलं असतं मला? तुझं तू सांगतोस का, ते बघायचं हुतं.” अण्णांनी घोडी खाली ठेवली. “आठ दिवस लाकूड तसंच ठेवलं हुतं. कापलं न्हाई. म्हटलं, येईल. आलास बी एकदा.”

मी मान खाली घातली.

“करवत खाली ठेवली हुती मी,” अण्णा म्हणाले. “पेट्रोलचं कायतरी बोलून गेलास.”

बापाने त्या संध्याकाळी काय कापलं, ते मला अशा रीतीने सात वर्षांनी समजलं. टपरीवर मी जे पन्नासदा बोललो होतो ते सगळं माझ्या कानांत वाजायला लागलं. मला पाया पडायचं होतं, रडायचं होतं. मी नुसता काठी धरून बसून राहिलो. अण्णांना माझी दया आली असावी, की कंटाळा आला असावा, कोण जाणे. ते म्हणाले, “चल, माप घे. पोरगं दसऱ्याला येणार हाय तंबोरा न्यायला.”

कोपऱ्यातलं लाकूड मी ओढून घेतलं. त्याच्यावर काठी ठेवली. पुन्हा ठेवली. डोळे पुसून तिसऱ्यांदा ठेवली.

“बसतंय?” अण्णांनी विचारलं.

“नाही,” मी म्हणालो. “कमी पडतंय, अण्णा. दोन बोटं.”

“मग दुसरं काढ की,” अण्णा म्हणाले आणि पुन्हा घोडी घासू लागले. “त्यात काय एवढं.”